बळी-वामन कथा : खलपक्षाचा पुनर्विचार

पुराणकथेतील पराभूत दैत्यराजा बळी याला न्यायी राजा आणि त्याला पाताळात घालणाऱ्या वामनाला कपटी आक्रमक ठरवणारी वाचनपरंपरा. मराठीत तिची सलग मांडणी पहिल्यांदा जोतीराव फुले (१८२७–९०) यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या संवादरूप ग्रंथात आढळते. हा ग्रंथ पुण्यात लिहिला गेला आणि त्यावरचे पहिले वादही बव्हंशी पुण्यातच झाले. मूळ कथा सर्वपरिचित असल्याने ती येथे पुन्हा सांगितलेली नाही. पुनर्वाचनाला वाव देणारे तपशील तेवढे घेतले आहेत.

कथेचे थर : ऋग्वेदात (१.१५४) विष्णूची तीन पावले आहेत, पण बळी नाही, बटू नाही आणि कुणाचे राज्यही जात नाही. त्या तीन पावलांच्या अर्थावर वैदिक शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या यास्काच्या काळीच एकमत नव्हते. त्याच्या निरुक्तात (१२.१९) शाकपूणी या जुन्या आचार्याचे मत पृथ्वी, अंतरिक्ष व द्युलोक असे दिले आहे, तर और्णवाभ या दुसऱ्या आचार्याचे मत सूर्याच्या उदय, मध्यान्ह व अस्ताकडे झुकणारे आहे. ठेंगू विष्णू प्रथम भेटतो तो शतपथ ब्राह्मणात (१.२.५). तेथे देव हरलेले आहेत आणि असुर बैलांच्या कातड्यांनी मोजून पृथ्वी आपसांत वाटून घेत आहेत. देव यज्ञरूपी विष्णूला पुढे करून वाटा मागायला येतात. हा विष्णू जेवढ्या जागेवर आडवा होईल तेवढी देऊ, असे असुर कुरकुरत कबूल करतात. विष्णू वामन होता, एवढेच वाक्य तेथे येते. देव त्याला छंदांनी (वैदिक वृत्तांनी) वेढतात आणि सगळी पृथ्वी मिळवतात. म्हणजे कथेच्या सर्वांत जुन्या गद्य रूपात जमिनीची वाटणी व मोजणी आहे, तीन पावले नाहीत आणि दानशूर राजाही नाही. हे तीन धागे नेमके केव्हा एकत्र विणले गेले ते ठरवणे अवघड आहे. मात्र व्याकरणकार पतंजलीच्या आधी ते झाले असावे, असे मानायला आधार आहे.

तो आधार पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरील भाष्यात आहे. पाणिनीच्या ३.१.२६ या सूत्रावरील चर्चेत ‘कंसं घातयति’, ‘बलिं बन्धयति’ ही उदाहरणे येतात. कंस मरून आणि बळी बांधला जाऊन युगे लोटली, मग वर्तमानकाळ कसा, असा तेथे प्रश्न आहे. उत्तर असे की खेळ करणारे, चित्रे दाखवणारे आणि कथा सांगणारे ती घटना डोळ्यांसमोर उभी करतात. त्याच ठिकाणी पतंजली सांगतो की काही जण कंसाचे भक्त असतात आणि काही वासुदेवाचे, काहींची तोंडे लाल होतात आणि काहींची काळी. हे नटांबद्दल आहे की श्रोत्यांबद्दल, आणि कोणत्या पक्षाचा रंग कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नटांनी रंग फासल्याचा अर्थ अधिक सरळ वाटतो. पण मतभेद कसाही सुटला, तरी खलपुरुषाच्या बाजूने उभा राहणारा एक गट त्या काळी उघडपणे होता, ही नोंद उरतेच. पतंजलीचा काळ सामान्यतः इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा मध्य धरतात. रा. गो. भांडारकर यांनी महाभाष्यातील पुष्यमित्र राजाच्या व साकेत नगराच्या वेढ्याच्या उल्लेखांवरून हा काळ काढला. महाभाष्याची आजही प्रमाण मानली जाणारी आवृत्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांची आहे.

‘असुर’ शब्द : ऋग्वेदाच्या जुन्या भागात ‘असुर’ हे वरुणादी देवांचे गौरवाचे विशेषण आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘अहुर’ त्याचाच भाऊबंद. पुढे अर्थ फिरला आणि देवशत्रू असा रूढ झाला. मग ‘अ’ हा नकारार्थी धरून ‘सुर’ हा नवाच शब्द पाडण्यात आला. ‘सुर’ आधी आणि ‘असुर’ नंतर, ही समजूत अजूनही शालेय व्याकरणातून दिसते, ती उलटी आहे. ‘बलि’ शब्दाचेही दोन प्रवाह आहेत. वैदिक भाषेत बलि म्हणजे प्रजेने राजाला किंवा देवाला द्यायचा वाटा. त्यातूनच कर आणि नैवेद्य हे दोन्ही अर्थ निघाले. राजाचे नाव याच शब्दावरून आले की ‘बल’वरून, हे सांगता येत नाही. मराठीत तर दैत्यराज, नैवेद्य आणि ‘अपघातात तिघांचा बळी’ मधला बळी हे तिघेही एकाच रूपात येऊन बसले आहेत. ‘बळी तो कान पिळी’ मधला बळी या सगळ्यांहून वेगळा, पण ऐकणाऱ्याच्या कानाला तोही त्यांच्यातलाच.

पुराणांतील अवघडलेपण : भागवताच्या आठव्या स्कंधात (अध्याय १५ ते २३) बळीचा दोष शोधू गेल्यास तो फारसा हाती लागत नाही. तो प्रल्हादाचा नातू आहे, यज्ञ करतो आहे आणि दिलेला शब्द पाळतो आहे. समोरचा बटू कोण हे शुक्राचार्यांनी सांगितल्यावरही तो माघार घेत नाही. कोणकोणत्या प्रसंगी खोटे बोलणे निंद्य नाही, याची यादीच शुक्राचार्य त्याला ऐकवतात. बळीला वरुणपाशांनी बांधल्यावर, याने सर्वस्व दिले आहे, याला सोडा, अशी मध्यस्थी खुद्द ब्रह्मदेव करतो. विष्णूचे उत्तर असे की ज्याच्यावर मी कृपा करतो त्याचे वैभव मी हिरावून घेतो. शेवटी बळीला सुतल हा पाताळलोक मिळतो, पुढल्या सावर्णि मन्वंतरातले (मनूच्या कालखंडातले) इंद्रपद मिळते, आणि विष्णू त्याच्या दारात राखण करतो. इतकी भरपाई ज्याला द्यावी लागली तो खलनायक कसा, हा प्रश्न भागवतकाराने विचारलेला नाही. पण उत्तराची सामग्री त्यानेच पुरवून ठेवली आहे. बलिप्रतिपदेच्या पूजेचा रूढ मंत्र तर याहून पुढे जातो:

बलिराज नमस्तुभ्यं विरोचनसुत प्रभो।
भविष्येन्द्र सुराराते पूजेयं प्रतिगृह्यताम्॥

‘सुराराति’ म्हणजे देवांचा शत्रू. त्याला त्याच नावाने हाक मारून नमस्कार करायचा आणि भावी इंद्र म्हणायचे, असा हा मंत्र आहे. पूजा सांगणारे आणि करणारे दोघेही बहुधा तो अर्थाकडे न पाहता म्हणतात.

झारीच्या तोटीत शिरून पाणी अडवणारा आणि दर्भाच्या टोकाने डोळा गमावणारा शुक्राचार्य भागवतात नाही, तो नंतरच्या कथनांतला. मराठीने मात्र नेमका तोच उचलला. ‘झारीतील शुक्राचार्य’ म्हणजे चांगल्या कामात आतून खोडा घालणारा. फसवणूक ओळखणारा त्या मंडपातला एकमेव माणूस आपल्या भाषेत कायमचा खोडसाळ ठरून बसला. फुले यांनीही या वाक्प्रचाराचा समाचार घेतला असता तर बरे झाले असते.

फुले यांचे वाचन : ‘गुलामगिरी’ सोळा भागांत असून धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरे देतात. ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला आहे. मत्स्य ते परशुराम हे अवतार बाहेरून आलेल्या टोळ्यांचे एकामागून एक आलेले म्होरके होत, असे त्याचे सूत्र. त्यात आर्यांच्या आगमनाविषयी त्या काळी प्रचलित असलेल्या युरोपीय मताचा उपयोग केला आहे, मात्र निष्कर्ष उलट बाजूचा काढला आहे. येथे जिंकणारे सुसंस्कृत नाहीत आणि हरलेले रानटी नाहीत.

बळीचे प्रकरण सहाव्या भागात येते, आणि ग्रंथाचा गाभा तेच आहे. फुले यांचे प्रमाण पोथी नाही, घरातला सण आहे. पक्ष घालणे, घट बसवणे, शिलंगण, कोजागरी, बलिप्रतिपदा, भाऊबीज, होळीत वीर काढणे या सगळ्या चालीरीती ते एका लढाईच्या आठवणी म्हणून ओळीने लावतात. बळी पडला, त्याची राणी विंध्यावळी हिने शोक केला, मुलगा बाणासुर याने झुंज दिली, अशी ती मांडणी. त्यांनी टिपलेला दसऱ्याचा एक तपशील महत्त्वाचा आहे. भटांच्या घरी बायका कणकेचा बळी करून ठेवतात. शिलंगणाहून परतलेला पुरुष त्याला डाव्या पायाने ठोकरतो, आपट्याच्या काडीने त्याचे पोट फोडतो आणि त्याला ओलांडून घरात शिरतो. उलट शेतकऱ्याच्या घरची बाई ओवाळताना म्हणते, ‘इडा पिडा जावो, बळीचे राज्य येवो.’ सण एकच, कणीकही तीच, पण एका घरात बळीचे पोट फुटते आणि दुसऱ्या घरात त्याच्या राज्याची वाट पाहिली जाते. खलनायक कोण, हे कुठल्या उंबरठ्याआड उभे राहून पाहता त्यावर ठरते, हे दाखवायला याहून नेटका पुरावा पुराणांच्या कुठल्याही चिकित्सेत सापडत नाही. पुढल्या भागांत फुले येशू ख्रिस्तालाही बळीच्या परंपरेत बसवतात. ‘दुसरा बळी येईल’ या समजुतीला त्यांनी दिलेले ते उत्तर होय.

फुले यांच्या व्युत्पत्ती मात्र सणांच्या पुराव्याइतक्या भक्कम नाहीत. बळीच्या राज्याची नऊ खंडे, त्या खंडांचे न्यायी ते खंडोबा आणि मोठ्या सुभ्याचा अधिकारी ‘महासुभा’ तो म्हसोबा, असे फुले सांगतात. ‘सुभा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, मोगल कारभारात रुळलेला शब्द. बळीच्या काळापर्यंत तो मागे नेता येत नाही. शिवाय ‘-ओबा’ हा विठोबा, भैरोबा यांत दिसणारा आदराचा प्रत्यय आहे. ‘महिष’, ‘म्हैस’, ‘म्हसोबा’ ही साखळी ध्वनिदृष्ट्या सोपी आहे आणि बहुतेक अभ्यासकांचा कल तिच्याकडे आहे. गंमत अशी की ती मान्य केल्याने फुले यांचे मूळ म्हणणे ढासळत नाही, उलट बळावते. देवीने मारलेला महिषासुर आणि शेताच्या बांधावर शेंदूर फासून पुजला जाणारा म्हसोबा एकच असतील, तर गावाने आपला खलनायक कधी सोडलाच नव्हता. पुण्यात राहून या परिसरातील देवस्थाने पायी हिंडून पाहणाऱ्या दा. ध. कोसंबी यांनी याच अंगाने विचार केला (‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’, १९६२). जेजुरीतही हेच दिसते. खंडोबाने मारलेल्या दोन दैत्यांपैकी मल्लाचे मस्तक पायरीशी तुडवले जाते, तर शरण आलेल्या मणीला देवाच्या आवारात जागा आणि पूजा मिळते.

फुले यांची शैली सर्वत्र गंभीर नाही. आठव्या भागात परशुरामाला धाडलेली नोटीस आहे, १ ऑगस्ट १८७२ या तारखेची. तुम्ही चिरंजीव आहात म्हणता, तर समोर हजर व्हा, असा तिचा आशय. चिरंजीवित्वाची परीक्षा सरकारी कागदाच्या घाटात घेण्याची ही कल्पना आजही वाचकाला हसवते.

प्रतिक्रिया व इतर वाचने : विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’त (१८७४ पासून) फुले यांच्या लेखनाची खिल्ली उडवली. त्यांचा रोख मुख्यतः भाषा, व्याकरण आणि इतिहासज्ञान यांवर होता. कणकेच्या बळीला त्यात उत्तर नाही. सुमारे तीस वर्षांनी बाळ गंगाधर टिळक यांनी ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) मध्ये विष्णूची तीन पावले पुन्हा घेतली. त्यांच्या मते ती वर्षाचे तीन भाग असून तिसरे पाऊल क्षितिजाखाली, म्हणजे ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्रीत पडते. या वाचनात खल कोणीच नाही, फक्त सूर्य आहे. एकाच शहरात गंज पेठेतल्या माणसाने त्या पावलांखाली माणूस चिरडलेला पाहिला आणि केसरीच्या संपादकाने पंचांग पाहिले.

कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकाची गोष्ट वेगळी. तेथे खलनायक बदलला नाही, त्याच्या मुखवट्याआड प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातील खांडववनाच्या दहनाकडे जळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले.

जुन्या काळातील एक उदाहरण मराठीच्या पूर्वजभाषेतलेच आहे. विमलसूरीचे ‘पउमचरिय’ हे जैन रामायण महाराष्ट्री प्राकृतात आहे. राक्षस मांस खातात, कुंभकर्ण सहा महिने झोपतो, या गोष्टी खऱ्या कशा मानायच्या, अशी शंका राजा श्रेणिक महावीरांचा पट्टशिष्य गौतम गणधर याला विचारतो आणि तेथून कथा सुरू होते. रावण येथे राक्षस नव्हे, विद्याधर (अद्भुत विद्या जाणणाऱ्या कुळातला) आहे, आणि तो लक्ष्मणाच्या हातून मरतो. ग्रंथ स्वतःचा काळ महावीरनिर्वाणानंतर ५३० वर्षे सांगतो. भाषेवरून अभ्यासक तो इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातला धरतात आणि तेच अधिक संभाव्य वाटते.

प्रसार : सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली. त्यानंतर जलशांतून व सभांतून बळीराजा गावोगाव गेला. फुले यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये छापल्यावर तो अभ्यासक्रमातही आला. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘बळीराजा’ आता शेतकऱ्याचे दुसरे नाव आहे. पाऊस लांबला की तो हवालदिल होतो आणि पडला की सुखावतो. राज्य शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत कार्तिक शुद्ध प्रतिपदा ‘दिवाळी (बलिप्रतिपदा)’ म्हणून येते. भाद्रपद शुद्ध द्वादशी, म्हणजे वामनजयंती, त्या यादीत नाही.