हंगामी भाजीपाल्याची वर्गणी

हंगाम सुरू होण्याआधी शेतकऱ्याकडे वर्गणी भरायची आणि मग दर आठवड्याला, शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा घरी न्यायचा, अशी ही शेतकरी आणि ग्राहक यांच्यातली थेट व्यवस्था आहे. अमेरिकेत तिला ‘कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर’ किंवा थोडक्यात ‘सीएसए’ म्हणतात, जपानमध्ये ‘तेइकेई’ आणि फ्रान्समध्ये ‘आमाप’. घरपोच भाजी देणाऱ्या ॲपशी तिची गल्लत करू नये. तिथे ग्राहक भाजी विकत घेतो, इथे तो हंगामाचा भागीदार होतो. पीक साधले तर टोपली भरून येते. गारपिटीने झोडपले तर हलकी येते आणि वर्गणी परत मागता येत नाही. जोखमीची ही वाटणी काढून टाकली, तर मागे उरतो तो फक्त रतीब.

शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर. बियाणे, शेणखत, मजुरी, ठिबकच्या नळ्या, डिझेल हे सगळे आधी लागते आणि विक्रीचा पैसा महिन्यांनी येतो. मधली पोकळी बहुतेक वेळा कर्जाने भरली जाते. वर्गणीच्या पद्धतीत शेतकरी हंगामाचा सगळा खर्च मांडतो, त्यात स्वतःच्या घरखर्चाची रक्कमही धरतो आणि बेरजेला वाट्यांच्या संख्येने भागतो. घरखर्चाचा आकडा इथे फार महत्त्वाचा आहे, कारण बाजारभाव ठरताना तो कोणी विचारातच घेत नाही. चौघांच्या घरासाठी पूर्ण वाटा, दोघांसाठी अर्धा, अशी विभागणी सहसा असते. काही शेतांवर ठरावीक तास खुरपणी किंवा तोडणी करून वर्गणीत सूट मिळते.

खरे कसब लागते ते पिकांच्या आखणीला. बाजारात विकणारा शेतकरी एकाच दिवशी एकरभर कोबी काढू शकतो. वाटे देणाऱ्याला मात्र दर आठवड्याला सात-आठ प्रकार थोडे थोडे लागतात. त्यासाठी मेथी-कोथिंबिरीचे वाफे एकदम न पेरता टप्प्याटप्प्याने पेरावे लागतात. एक वाफा काढणीला, दुसरा अर्धवट वाढलेला आणि तिसरा नुकता रुजलेला, असे शेत सतत तीन वयांचे ठेवावे लागते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या शेतावरची जुलैतली टोपली उघडली, तर ती मंडईतल्या पिशवीसारखी दिसत नाही. वर ओला टाकळा, त्याखाली मूठभर कंटोली, कोवळा दुधी, पडवळ, बोटाला माती लावणारी अळूची पाने आणि कडेला भोके पडलेली अंबाडी. टोमॅटो नसतात, फ्लॉवर नसतो. त्याच शेताची जानेवारीतली टोपली पाहावी: हरभऱ्याचा पाला, मेथी, पावटा, वाटाणा, पाल्यासकट मुळे. बाराही महिने सारख्याच दिसणाऱ्या मंडईने आपल्याला विसरायला लावलेले पंचांग ही टोपली परत हातात देते.

पद्धतीचा उगम एकाच ठिकाणी झालेला नाही. जपानमध्ये कीटकनाशकांच्या भीतीने गृहिणींचे गट थेट शेतकऱ्यांकडे गेले. १९७१ मध्ये तिथे सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तेइकेईची दहा तत्त्वे मांडली गेली. ठरवून पिकवलेला सगळा माल ग्राहकांनी स्वीकारावा, हे त्यातले एक तत्त्व. अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी विद्यापीठाचे कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली हे छोट्या, विशेषतः कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना ग्राहकांचे सभासद-मंडळ काढायला सांगत: आधी वर्गणी घ्या आणि सभासदांना स्वतः येऊन भाजी तोडू द्या. या पद्धतीच्या इतिहासात त्यांचे नाव बऱ्याचदा गाळले जाते, हे अन्यायाचे आहे.

सीएसए या नावाने काम सुरू झाले ते १९८६ मध्ये, दोन ठिकाणी. मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्मवर रॉबिन व्हॅन एन आणि स्वित्झर्लंडमधील असे प्रयोग पाहून आलेले यान व्हँडर ट्यूइन यांनी सोबत्यांसह भाजीचे वाटे दिले. न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन शेताने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे वाट्याला ठरलेली किंमतच नाही. वार्षिक सभेत खर्चाचा आकडा सर्वांसमोर ठेवतात, प्रत्येक कुटुंब ऐपतीप्रमाणे रक्कम बोलते आणि भाजी गरजेप्रमाणे नेते. फ्रान्समधील पहिला ‘आमाप’ गट २००१ मध्ये ओबान्य गावी उभा राहिला.

मराठी वाचकाला यावरून बलुत्याची आठवण होईल. सुतार-लोहार वर्षभर काम करत आणि खळ्यावर धान्याचा वाटा घेत. पीक बुडाले की बलुतेही आटे. पण तुलना इथेच थांबवावी, कारण ती व्यवस्था जातीने बांधलेली होती आणि ही स्वखुशीची आहे.

महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि थेट विक्रीला वाव वाढला. मुंबईत सेंद्रिय शेतकरी व ग्राहकांच्या संघटनेने ‘हरी भरी टोकरी’ या नावाने आगाऊ वर्गणीचे वाटे दिले. पुणे-नाशिककडेही आठवड्याच्या टोपल्या निघतात. मात्र पुष्कळ ठिकाणी व्हॉट्सॲपवर यादी येते, हवे तेवढे मागवले जाते आणि पैसे त्या त्या वेळी दिले जातात. भाजी ताजी मिळते, पण अवकाळी पावसाचा फटका शेतकऱ्यावर एकट्यावरच राहतो.

अडचणी खऱ्या आहेत. भाजी निवडता येत नाही. सलग चौथ्या आठवड्यात दुधी आला की घरात कुरबुर सुरू होते. माती लागलेली पालेभाजी निवडायला, धुवायला वेळ लागतो आणि तो वेळ बहुतेक घरांत बाईचाच जातो. भागीदारीची कसोटी संकटात लागते: जपानमधल्या २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर तिथल्या तेइकेई शेतकऱ्यांनाही बरेच सभासद सोडून गेले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र या टोपलीतल्या काही गोष्टींचे वावडे नसते. इतरांना कोडे वाटणारा नवलकोल त्यांच्या ओळखीचा असतो आणि मुळ्याच्या पाल्यात डाळीचे पीठ पेरले की भाकरीबरोबरची भाजी तयार होते.

वाटे घ्यायच्या जागी अनेक शेतकरी एक रिकामी पेटी ठेवतात. नको असलेली भाजी तिच्यात टाकायची आणि दुसऱ्याने टाकलेली उचलायची. कोणी वांगी ठेवून जाते, कोणी ती घेऊन आपली पडवळे ठेवते, आणि संध्याकाळपर्यंत पेटीतला माल दोन-तीनदा बदललेला असतो.