अमेरिकन घरगुती फर्निचर व शोभाकला : एकोणिसावे शतक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे १८०० ते १९०० या काळात घरगुती वापरासाठी तयार झालेले लाकडी सामान आणि त्याच्या सोबतीने घरात नांदणारी काचेची व मातीची भांडी, चांदीच्या वस्तू, गालिचे, दिवे, घड्याळे व गोधड्या यांचा या विषयात समावेश होतो. आरंभी कुशल हातांनी घडवलेले उत्तम सामान होते, पुढे वाफेची यंत्रे आली आणि कारागिरी लयाला गेली, असा या शतकाचा इतिहास अनेकदा सांगितला जातो. प्रत्यक्ष वस्तू तपासल्या की हा समज टिकत नाही. यंत्राने लाकूड कापण्याचे, कातण्याचे आणि त्याचे पातळ पापुद्रे काढण्याचे काम उचलले. कोरण्याचे, जुळवण्याचे व रंगवण्याचे काम मात्र शतक सरेपर्यंत बहुतांशी हातांनीच होत राहिले. या काळात पालटले ते गिऱ्हाईक, बाजाराचा पल्ला आणि कारागिराचे स्थान.

शतकाच्या आरंभी उत्तम सामानाची केंद्रे पूर्व किनाऱ्यावरील बंदरांत होती. न्यूयॉर्क, बॉस्टन, सेलम, फिलाडेल्फिया आणि बॉल्टिमोर येथील कारखानदार हेपलव्हाइट व शेरेटन यांच्या इंग्लंडात १७८८ पासून प्रसिद्ध झालेल्या नमुनासंग्रहांवरून काम करीत. सडपातळ पाय, सरळ रेषा व फिकट लाकडाचे जडावकाम असलेल्या या शैलीला ‘फेडरल’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला डंकन फाइफ हा न्यूयॉर्कचा सर्वांत नावाजलेला कारागीर. वीणेसारख्या तंतुवाद्याचा आकार पाठीत बसवलेल्या त्याच्या महोगनीच्या खुर्च्यांची नक्कल त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. १८०३ मध्ये फ्रान्सहून आलेल्या शार्ल-ऑनोरे लानुइए याने पॅरिसची ‘एम्पायर’ शैली, म्हणजे सोनेरी मुलामा दिलेल्या पंखधारी आकृती, पितळी पट्ट्या आणि संगमरवरी माथ्याची मेजे, न्यूयॉर्कच्या धनिकांच्या दिवाणखान्यांत रुजवली. या सामानाची महोगनी क्यूबा, सांतो दोमिंगो, होंडुरास या भागांतून येत असे आणि तेथील लाकूडतोड मोठ्या प्रमाणावर गुलामांकडून करून घेतली जाई, ही गोष्ट या सुबक खुर्च्यांचे वर्णन करताना वगळता येत नाही.

याच सुमारास कनेक्टिकटमध्ये निराळ्याच प्रकारचा उद्योग उभा राहत होता. एली टेरी याने १८०६ मध्ये घड्याळांची ४,००० लाकडी यंत्रे तीन वर्षांत पुरवण्याचा करार केला. त्यासाठी त्याने पाणचक्कीवर चालणारी हत्यारे बसवली आणि कोणत्याही घड्याळाचे चाक कोणत्याही घड्याळात बसेल अशा मापांनी चाके कापली. त्यापूर्वी घड्याळ ही सुखवस्तू घराची मिरासदारी होती. टेरीने १८१६ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेले, दोन्ही बाजूंना बारीक खांब व माथ्यावर नागमोडी कमान असलेले फळीवरचे घड्याळ फेरीवाल्यांमार्फत शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. त्याच राज्यात लॅम्बर्ट हिचकॉक १८१८ पासून खुर्चीचे सुटे भाग बनवून विकू लागला आणि पुढे त्याने संपूर्ण खुर्च्यांचा कारखाना घातला. दीड डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या या खुर्चीवर काळा रंग किंवा रोजवुडचा भास होईल असा रंग देत, त्यावर पातळ कागदी साचे ठेवून फळे, पाने, फुलदाण्या यांची नक्षी ब्राँझच्या भुकटीने उठवत. रंग अर्धवट ओला असताना भुकटी बोटाने चोळायची, म्हणजे फळाच्या कडेला उजेड व मध्याला सावली दिसते, हे कसब बहुधा कारखान्यातील स्त्रियांकडे असे. बैठकीच्या मागच्या कडेवर हिचकॉकचे नाव, गावाचे नाव व हमी छापलेली असे. १८२९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, तरी त्याच्या खुर्चीचा घाट इतका रूढ झाला की इतरांनी केलेल्या खुर्च्याही त्याच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

बाजाराच्या या ओढीपासून अलिप्त राहण्याचा निश्चय केलेला समाज म्हणजे शेकर पंथ. इंग्लंडमधून १७७४ मध्ये अॅन ली हिच्यासोबत आलेल्या मूठभर लोकांपासून वाढलेल्या या ब्रह्मचारी ख्रिस्ती पंथाने न्यूयॉर्क राज्यातील न्यू लेबनन, मॅसॅच्युसेट्समधील हँकॉक आणि इतरत्र वसाहती केल्या. सामुदायिक मालमत्ता, स्त्री-पुरुषांचे स्वतंत्र वास आणि श्रम हीच उपासना या विचारांतून त्यांचे सामान घडले. भिंतीवर डोक्याच्या उंचीला लाकडी पट्टी, तिच्यात ओळीने खुंट्या आणि खोली झाडताना या खुंट्यांवर उलट्या टांगलेल्या खुर्च्या, म्हणजे बैठकीवर धूळ बसत नाही. खुर्च्या हलक्या, आडव्या पट्ट्यांच्या पाठीच्या व रंगीत लोकरी पट्ट्यांनी विणलेल्या असत. मागे रेलले की खुर्चीचे पाय जमिनीवर घासतात, म्हणून मागच्या दोन पायांच्या तळाशी खोबणीत फिरणारी लाकडी गोळी बसवलेली असे. तिच्या धातूच्या सुधारित रूपाचे एकस्व १८५२ मध्ये घेण्यात आले. पातळ पट्टी वाकवून केलेल्या लंबगोल डब्यांचे टोक बोटांसारख्या कापांनी जोडलेले असते, कारण सरळ जोड हवेतील दमटपणामुळे उकलतो. शोभा वर्ज्य मानणाऱ्या या लोकांचे काम आज अत्यंत देखणे वाटते. तरीही ते व्यवहारापासून दूर नव्हते. १८६० च्या दशकात माउंट लेबनन (पूर्वीचे न्यू लेबनन) येथे रॉबर्ट वॅगन याच्या देखरेखीखाली खुर्च्यांचे रीतसर उत्पादन सुरू झाले. मुलांच्या ० क्रमांकापासून मोठ्यांच्या ७ क्रमांकापर्यंतची मापे, छापील यादी आणि नक्कल ओळखता यावी म्हणून चिकटवलेली सोनेरी मुद्रा, हा सगळा सरंजाम त्यांच्याकडे होता.

शतकाच्या मध्याला शहरी दिवाणखान्याची शोभा परमावधीला पोहोचली. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळातील वळणे, शंख, गुलाब यांना पुन्हा जीव देणाऱ्या ‘रोकोको पुनरुज्जीवन’ शैलीचा अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ कारागीर जॉन हेन्री बेल्टर हा जर्मनीत १८०४ मध्ये जन्मला व १८३० च्या दशकात न्यूयॉर्कला आला. त्याची खुर्ची मागच्या बाजूने पाहिली तर या शतकातील हात व यंत्र यांचे नाते कळते. ब्राझिलियन रोजवुड हे आपल्या शिसवीच्याच कुळातले लाकूड. जड, काळसर आणि धाग्याच्या दिशेने सहज चिरफळणारे. अखंड फळीत नाजूक जाळी कोरली तर ती हातात मोडून येते. बेल्टरने यंत्राने कापलेले, कागदाच्या पुठ्ठ्याइतके पातळ थर, बहुधा सहा ते आठ, धाग्यांची दिशा आलटूनपालटून सरसाने चिकटवले, वाफ व साचा यांच्या साहाय्याने त्यांना वाकवले आणि इंचाहूनही पातळ, पण लवचीक व भक्कम अशी पाठ मिळवली. मग कारागिरांनी तिच्यात करवतीने जाळी पाडली; गुलाब व द्राक्षांचे घोस अधिक उठावदार करण्यासाठी वरून लाकडाचे ठोकळे चिकटवून ते कोरले. १८५८ च्या त्याच्या एकस्वात ही पाठ आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी बाक देऊन घडवण्याची रीत दिली आहे. म्हणजे कोरीवकामाला अशक्य वाटणारी मोकळीक यंत्राने कापलेल्या पापुद्र्यांमुळेच मिळाली. बेल्टर १८६३ मध्ये वारला आणि काही वर्षांतच त्याची पेढी बुडाली.

असे सामान संचाने विकत घेतले जाई. एक किंवा दोन सोफे, पुरुषासाठी उंच पाठीची हातांची खुर्ची, झग्याचा घेर सामावेल अशी बिनहाती किंवा आखूड हातांची स्त्रीची खुर्ची, चार साध्या खुर्च्या, मधोमध संगमरवरी माथ्याचे मेज आणि शोभेच्या वस्तू मांडायला आरसा जडवलेली फळ्यांची मांडणी, असा तो संच असे. बैठकींत आता पोलादी स्प्रिंगा आल्या होत्या व त्यांवर घोड्याच्या केसांचे कापड ताणलेले असे.

दक्षिणेकडील राज्यांत या कारागिरीचा इतिहास गुलामगिरीपासून वेगळा करता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील मिल्टन येथील टॉमस डे हा स्वतंत्र कृष्णवर्णीय सुतार १८५० च्या सुमारास त्या राज्यातील सर्वांत मोठ्या फर्निचर कारखान्याचा मालक होता. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना बाहेरून राज्यात येऊन राहण्यास मनाई असताना, त्याच्या व्हर्जिनियातील पत्नीला येऊ देण्यासाठी १८३० मध्ये विधानसभेने खास कायदा संमत केला, इतकी गोऱ्या गिऱ्हाइकांना त्याची गरज होती. जिन्याच्या कठड्याच्या आरंभीचे त्याचे नागमोडी खांब कोणत्याही छापील नमुन्यात सापडत नाहीत. त्याच्या कारखान्यात गुलामही राबत, आणि हा विरोधाभास अभ्यासकांना आजही अस्वस्थ करतो. साउथ कॅरोलायनातील एजफील्ड येथे डेव्हिड ड्रेक हा गुलाम कुंभार प्रचंड रांजण घडवीत असे. त्यांतील काहींची क्षमता ४० गॅलनांच्या आसपास होती. गुलामांना लिहिणे शिकवण्यावर त्या राज्याने १८३४ मध्ये बंदी घातली असताना तो ओल्या मातीवर टोकदार काडीने ‘डेव्ह’ असे नाव, तारीख आणि कधी दोन ओळींचे यमक कोरीत असे. १८५७ च्या एका रांजणावर आपले सगळे नातलग कुठे असतील असा प्रश्न त्याने लिहून ठेवला आहे. मांस खारवून ठेवण्यासाठी केलेल्या भांड्यावरची ही ओळ अमेरिकन शोभाकलेतील सर्वांत मोलाच्या लेखांपैकी एक मानावी लागेल.

घरातील इतर वस्तूंवर यंत्राचा परिणाम अधिक थेट झाला. पिट्सबर्गच्या बेकवेल काचकारखान्याने १८२५ मध्ये साच्यात दाबून काच घडवण्याचे एकस्व घेतले, ते खणांच्या मुठींसाठी. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथे डेमिंग जार्व्हिसने सुरू केलेल्या कारखान्यात दाबकाचेच्या बशा व वाट्यांवर ठिपक्यांची दाट पार्श्वभूमी भरत, कारण साच्यामुळे आलेला मंदपणा त्या ठिपक्यांच्या लकाकीत लपतो. इरॅस्टस बिगलो याच्या यंत्रमागामुळे १८४० च्या दशकात गालिचे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर लागली, व्हेल माशाच्या तेलाची जागा केरोसीनने घेतली आणि दिवाणखान्यातील मधले मेज हे संध्याकाळी सगळ्या कुटुंबाचे वाचनाचे व शिवणाचे ठिकाण बनले.

यादवी युद्धानंतर फर्निचरचे केंद्र पश्चिमेकडे सरकले. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे नदीतून ओंडके येत, पाण्याची शक्ती हाताशी होती आणि नेदरलँड्समधून आलेले मजूर मिळत. १८७६ च्या फिलाडेल्फियातील अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दी प्रदर्शनात तेथील कारखान्यांचे अक्रोडाचे उंचच उंच पलंग लोकांच्या नजरेत भरले आणि १८७८ पासून तेथे घाऊक खरेदीदारांचा बाजार भरू लागला. तऱ्हेतऱ्हेच्या युक्त्यांच्या सामानाचीही हीच वेळ. इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने १८७४ मध्ये एकस्व घेतलेले मेज कपाटासारखे दोन्ही बाजूंना उघडते आणि आत शेकडो कागद ठेवण्याइतके कप्पे दिसतात. रात्री एका किल्लीने सारा कारभार बंद होतो.

अतिरेकी नक्षीविरुद्धची प्रतिक्रियाही याच वर्षांतली. चार्ल्स ईस्टलेक या इंग्रज लेखकाने गृहसजावटीवर लिहिलेल्या पुस्तकाची अमेरिकन आवृत्ती १८७२ मध्ये निघाली. प्रामाणिक जोड, सरळ घाट व उथळ कोरीव रेषा हा त्याचा आग्रह कारखानदारांनी स्वस्त पडतो म्हणून उचलला आणि त्याच्या नावावर त्याला न आवडणारे पुष्कळ सामान खपवले. न्यूयॉर्कच्या हर्टर बंधूंनी मात्र चेरीच्या लाकडाला काळा रंग देऊन त्यावर जपानी वळणाची फुले जडवली आणि रेल्वेमालक विल्यम व्हँडरबिल्ट याचा फिफ्थ अॅव्हेन्यूवरील वाडा १८७९ ते १८८२ या काळात सजवला. शताब्दी प्रदर्शनातील इंग्रजी भरतकाम पाहून कँडेस व्हीलर हिने १८७७ मध्ये गरजू स्त्रियांना कलाकामातून उत्पन्न मिळावे म्हणून संस्था काढली. सिनसिनाटी येथे मारिया लाँगवर्थ निकल्स हिने १८८० मध्ये स्थापलेल्या रुकवुड कुंभारशाळेला १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. सुशिक्षित स्त्रियांना पगारी कलावंत म्हणून उभे राहता आले, ही या चळवळीची मला सर्वांत भरीव वाटणारी कामगिरी.

व्हीलर हिच्यासह लुई कम्फर्ट टिफनी या काचकलावंत व सजावटकाराच्या मंडळीत असलेला लॉकवुड डी फॉरेस्ट १८८१ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील अहमदाबादला आला. तेथील जैन व्यापारी मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्याने त्याने स्थानिक मिस्त्रींचा कोरीवकामाचा कारखाना उभारला आणि सागवानी कमानी, छत, झोपाळे, जाळीदार पितळी पत्रे न्यूयॉर्कला पाठवू लागला. त्याच्या न्यूयॉर्कच्या पूर्व दहाव्या रस्त्यावरील घराची सागवानी खिडकी आजही रस्त्यावरून दिसते. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या न्यूयॉर्कमधील वाड्यातील सागवानी खोली आता कूपर ह्यूइट संग्रहालयाचा भाग आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फेडरल काळानंतरच्या या सामानाला कोणी वाली नव्हता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या १९२४ मध्ये उघडलेल्या अमेरिकन दालनात वसाहतकाळ व फेडरल काळ यांनाच स्थान होते. बेल्टरचे सोफे माळ्यावर पडले किंवा मोडीत निघाले. त्याच संग्रहालयाने आपल्या शताब्दीनिमित्त १९७० मध्ये एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन फर्निचर व शोभाकलेचे मोठे प्रदर्शन भरवले आणि त्यानंतर संग्राहक, विद्यापीठे व इतर संग्रहालये या काळाकडे गांभीर्याने पाहू लागली.