मावळतीची रपेट

मावळतीची रपेट : सूर्यास्ताच्या सुमारास, जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने आणि ठरलेल्या वाटेने घोड्यावरून सावकाश मारलेला फेरा. उष्ण कटिबंधातील समुद्रकिनाऱ्यांवर सुट्टीसाठी येणाऱ्यांमध्ये हा प्रकार विशेष रूढ आहे. खानदेशाला समुद्र नाही. मात्र हा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच मोडतो. त्याच्या मधून तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेपलीकडे खंबायतच्या आखातास मिळते, आणि तिच्या काठी सारंगखेडे (ता. शहादा, जि. नंदुरबार) येथे देशातील नावाजलेल्या घोडेबाजारांपैकी एक भरतो. रपेटीचे जे अंग किनाऱ्यावर दुर्लक्षित राहते, ते म्हणजे घोड्याची चाल, तेच या बाजारात सर्वांत बारकाईने पारखले जाते. म्हणून प्रस्तुत नोंदीत चालीचा विचार विस्ताराने केला आहे.

‘रपेट’ हा शब्द हिंदीतील ‘रपटना’ (घसरणे, झपाट्याने जाणे) या क्रियापदाशी जोडतात. मराठीत त्याला मोकळेपणाचा, हौसेचा अर्थ आला. कामासाठी घोडा दामटणे म्हणजे रपेट नव्हे. हौसेच्या घोडेस्वारीची कल्पना मात्र दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘वाजिवाह्यालीविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. वाह्याली म्हणजे घोडा फिरवण्याचे मैदान.

किनाऱ्यावरील वाटाड्यासह रपेटीच्या उगमाबद्दल दोन धागे सांगता येतात. पहिला इंग्लंडमधील सागरी विहारस्थळांचा. तेथे मुलांना गाढवांवर बसवून वाळूत फिरवण्याची चाल एकोणिसाव्या शतकात पडली. वेस्टन-सुपर-मेअर येथे ती १८८६ पासून असल्याचे सांगतात. दुसरा धागा अमेरिकेच्या पश्चिम भागातील पशुपालकांच्या कुरणांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कुरणे शहरी पाहुण्यांना उतरवून घेऊ लागली आणि नवख्यांना घोड्यावर बसवून एकामागोमाग एक अशा रांगेने रानातून नेऊ लागली. पुढे वाटाड्या, मागे राखण करणारा दुसरा माणूस आणि मध्ये पाहुणे, ही आजच्या किनाऱ्यावरील रपेटीची मांडणी त्या रांगेशी अधिक जुळते. त्यामुळे दुसरा धागा ग्राह्य वाटतो. पहिल्याकडून वाळूची जागा तेवढी आली असावी. महाराष्ट्रात माथेरान (वसाहत १८५० नंतर) येथे घोडा वाहन म्हणूनच टिकला, तर अलिबाग, काशीद, मुरूड या किनाऱ्यांवरील घोडे केवळ पर्यटकांसाठी असतात.

किनाऱ्यावर घोडा नेण्याचे पहिले तंत्र जमिनीचे आहे. कोरडी भुसभुशीत वाळू खुराखाली सरकते आणि नळीमागच्या स्नायुबंधांवर ताण आणते. ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, म्हणून जाणता वाटाड्या भरती-ओहोटीची वेळ पाहून निघतो आणि पाण्याच्या कडेचा दोन-चार हातांचा पट्टा धरतो. खारे पाणी कातड्याच्या सामानाला व खुरांच्या वरच्या कातडीला बाधते, म्हणून परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुतात.

चाल : संस्कृत कोशकारांनी घोड्याच्या गतीला ‘धारा’ म्हटले आहे आणि धारा पाच मानल्या आहेत. अमरकोशात आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत असा क्रम आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणी’त धौरितक, वल्गित, प्लुत, उत्तेजित आणि उत्तेरित असा क्रम येतो, त्यांपैकी उत्तेजित हे रेचिताचे आणि उत्तेरित हे आस्कंदिताचे दुसरे नाव म्हणून दिले आहे. नावे अशी जुळवता आली तरी क्रम जुळत नाही. अमरकोशकार अमरसिंहाने पहिले मानलेले आस्कंदित हेमचंद्राकडे अखेरीस जाते. क्रम वाढत्या वेगाचा धरला, तर एकाच गतीला एकाकडे सर्वांत मंद आणि दुसऱ्याकडे सर्वांत वेगवान मानावे लागेल. यावरून अमरकोशातील क्रम वेगाचा नसून श्लोकाच्या छंदाच्या सोयीने आलेला असावा, आणि वेगाचा क्रम हेमचंद्राकडे शोधावा, हे मत अधिक पटते.

खरा प्रश्न धौरितकाचा आहे. इंग्रजी कोशांच्या आधाराने त्याचा अर्थ बहुधा दुडकी (उसळत्या पावलांची चाल) असा करतात. हेमचंद्र मात्र या गतीला मुंगूस, कंक पक्षी, मोर आणि रानडुक्कर यांच्या गतीची उपमा देतो. मुंगूस पळताना ज्याने पाहिले आहे त्याला हे चटकन कळेल. पाय भराभर पडत असतात आणि पाठ जमिनीशी समांतर सरकत जाते. चौघांतही उसळी नाही. दुडकीचे तर लक्षणच उसळी हे आहे. तेव्हा धौरितक या संज्ञेत दुडकीबरोबरच, किंबहुना तिच्याआधी, आज घोडेवाले जिला ‘रवाल’ किंवा ‘रेवाल’ म्हणतात ती चाल अभिप्रेत असावी. रेवाल हा शब्द फारसी ‘राहवार’ (सुखाने वाट चालणारा घोडा) यापासून ‘रहवाल’ या रूपातून आलेला आहे. अमरकोशातील रेचिताशी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे आहे.

दुडकी आणि रेवाल या दोन्ही चालींतील फरक पायांच्या क्रमात आहे. साध्या चालीत (कदम) चारही पाय एकामागून एक पडतात आणि वेग ताशी सहा-सात कि.मी. असतो. दुडकीत तिरक्या जोडीचे, म्हणजे पुढचा डावा व मागचा उजवा असे दोन पाय एकदम पडतात. एक जोडी उचलून दुसरी टेकेपर्यंत घोडा क्षणभर अधांतरी असतो, आणि तो खाली येताना स्वाराला दणका बसतो. रेवालीत एकाच अंगाचे पाय पाठोपाठ पडतात, आधी मागचा आणि किंचित अंतराने पुढचा. चार ठोके वेगळे ऐकू येतात आणि निदान एक खूर सतत जमिनीवर राहतो. अधांतरी क्षण नसल्याने पाठ उसळत नाही. वेग दुडकीइतका किंवा तिच्याहून अधिक असूनही स्वाराच्या हातातील भरलेल्या पेल्यातले पाणी सांडत नाही, अशी रेवालीची परीक्षा सांगतात. चौखूर धावेचा रपेटीशी संबंध नाही; नवख्या स्वाराखालचा घोडा चौखूर सुटला तर तो अपघातच.

रेवाल उपजत की शिकवलेली, यावर घोडेवाल्यांत जुना वाद आहे. एका अंगाचे पाय दोरीने जोडून वळण लावणारे चाबूकस्वार (घोडा फिरवून तयार करणारे) ती शिकवता येते असे मानतात. २०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांवरील संशोधनातून डीएमआरटी-३ या जनुकातील एका बदलाचा अशा चालींशी संबंध दाखवण्यात आला. त्यामुळे उपजत पक्षाला बळ मिळाले. तथापि उपजत गुण असलेल्या शिंगरालाही चांगला हात लागल्याशिवाय चाल बसत नाही, हा बाजारातील अनुभव डावलता येत नाही.

घोडे : सारंगखेड्यास मुख्यतः मारवाडी, काठेवाडी, सिंधी आणि पंजाबी घोडे येतात. पांढऱ्या शुभ्र, गुलाबी कातडीच्या ‘नुकऱ्या’ला वरातीसाठी मागणी असते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाशी एकमेकांस भिडतात. या जातींच्या उत्पत्तीविषयी एक आख्यायिका आहे. कच्छच्या किनाऱ्याजवळ अरबी घोड्यांचे गलबत फुटले, वाचलेले घोडे पोहत किनाऱ्यास लागले आणि स्थानिक घोड्यांत मिसळले, असे ती सांगते. आख्यायिका सुंदर आहे आणि अरबी रक्ताचा काही अंश नाकारण्याचे कारण नाही. पण मारवाडी घोड्याचा उंच बांधा आणि त्याची चाल पाहता मध्य आशियातील तुर्कमान घोड्यांचा संबंध अधिक जवळचा वाटतो. रंगांची नावे फारसी-हिंदी वळणाची आहेत : अबलख, कुमैत, मुश्की, सब्जा. चारही पाय आणि कपाळ पांढरे असल्यास घोडा ‘पंचकल्याणी’ ठरतो. अंगावरील भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहतात आणि गळ्यावरील ‘देवमण’ शुभ मानतात. रपेटीच्या दृष्टीने यांतील कशालाच महत्त्व नाही. तिला शांत स्वभाव, मजबूत खूर आणि दातांवरून पक्के वय, एवढे पुरते. दुधाचे दात पडून कायमचे येण्याचा क्रम अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांचा असल्याने पाच वर्षांपर्यंतचे वय ओठ उचलताच कळते.

सारंगखेडे : येथील एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस (मार्गशीर्ष पौर्णिमा) सुरू होते आणि तिच्यासोबत घोडेबाजार भरतो. परंपरा तीन शतकांहून जुनी असल्याचे सांगतात. हा काळ ढोबळ समजावा. बुऱ्हाणपूरहून नंदुरबारमार्गे सुरतेस जाणारा मोगलकालीन व्यापारी रस्ता याच खोऱ्यातून जात असे आणि इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६३० मध्ये त्या वाटेने गेला. घोड्यांची खरेदी-विक्री अशा वाटेच्या आसऱ्याने वाढली असणे स्वाभाविक आहे. अलीकडे राज्याच्या पर्यटन विभागाच्या सहभागाने यात्रेच्या काळात ‘चेतक महोत्सव’ होतो. त्यात रेवाल चालीच्या स्पर्धाही असतात.

गिऱ्हाईक घोडा पाहते तेव्हा आधी तो उभा पाहते, मग चालता. चाबूकस्वार मोहरकी (तोंडावरची दोरी) काढून लगाम चढवतो, खोगीर टाकून तंग (पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा) आवळतो आणि दहा-वीस पावले घोडा हाताने चालवून तंग पुन्हा आवळतो. घोडा तंग कसताना छाती फुगवून धरतो आणि चालू लागला की श्वास सोडतो. पहिल्याच आवळण्यावर विसंबणाऱ्याचे खोगीर वाटेत फिरते. ही दुसरी आवळणी पाहावी; वाटाड्या जाणता आहे की नाही हे तिच्यावरून समजते. मग रिकिबीत पाय, मांड पक्की, आणि घोडा सुटतो. मऊ मातीत उमटलेले खूर वाचणारे म्हातारे आजही बाजारात भेटतात. मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या पुढे किती पडला आणि चारही ठसे सारख्या खोलीचे आहेत का, हे ते वाकून पाहतात. एक ठसा उथळ असेल तर त्या पायात दुखणे धरावे.

वेळ : सारंगखेड्याजवळ मार्गशीर्षात सूर्य सायंकाळी सहाच्या थोडा आधी मावळतो. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश अल्प असतो. येथे सूर्य बुडाल्यावर साधारण पंचवीस मिनिटे वाट स्पष्ट दिसते. घोड्याला अंधारात माणसाहून चांगले दिसते, पण उजेडातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. पुलाच्या सावलीपाशी किंवा बाभळीखाली तो अडतो, त्याचे कारण हेच. अशा वेळी चाबूक उगारू नये, क्षणभर थांबावे. पश्चिमेकडे जाताना समोरचा तांबडा उजेड स्वाराच्या डोळ्यांवर येतो, म्हणून अनुभवी वाटाडे जाताना नदीच्या उगमाकडे तोंड ठेवतात आणि परतताना मावळत्या बाजूस वळतात.

तापीकाठची जमीन किनाऱ्यासारखी नाही. नदीच्या दोन्ही बाजूंस खोल गाळाची काळी माती आहे. ती कोरडी असताना भेगाळते आणि ओली झाली की खुराला लगद्यासारखी चिकटून घसरते. बॅरेजमुळे पाणी अडते तेथे वाळूचा पट्टा पाण्याखाली जातो आणि काठाला निव्वळ चिखल उरतो. म्हणून रपेट पाण्यालगत न नेता शेतांच्या बांधालगतच्या बैलगाडीवाटेने नेणे सुरक्षित.

भार : स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार टाकू नये असा संकेत आहे. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० टक्क्यांपर्यंत त्रास दिसला नाही. २५ टक्क्यांना स्नायू दुखावल्याची चिन्हे दिसली आणि ३० टक्क्यांना ती ठळक झाली. ४०० किलोच्या मारवाडी घोड्यावर, खोगीर वगळता, सत्तर किलोंच्या आसपासचा माणूस बसावा असा त्याचा अर्थ होतो. हौशी मंडळींना हे पटवणे अवघड जाते. पण घोड्याच्या पाठीवरची सूज दुसऱ्या दिवशी दिसते, तेव्हा बसणारा गावी पोचलेला असतो. बाजारात येणाऱ्या घोड्यांची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी महत्त्वाची आहे, कारण हा रोग माणसालाही होतो.

परतीचे अखेरचे अंतर घोडा कदम चालीनेच आणावा. तंग एकदम न सोडता दोन घरे सैल करून, श्वास शांत होईपर्यंत हाताने फिरवावे. खानदेशात डिसेंबरच्या संध्याकाळी हवा झपाट्याने गार होते आणि घामेजलेल्या पाठीला ती बाधते. खोगीर उतरताच पाठ कोरड्या फडक्याने पुसून झूल टाकतात, खुरांतील खडे काढतात, आणि अंग निवाल्यावरच पाणी व चंदीचा (दाण्याचा) तोबरा देतात.