किटोजेनिक आहार आणि द्विध्रुवी मनोविकार

पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य, प्रथिने माफक आणि उष्मांकांचा मोठा वाटा स्निग्ध पदार्थांतून, अशा बेताचा आहार म्हणजे किटोजेनिक आहार; बोलण्यात ‘किटो डाएट’. द्विध्रुवी मनोविकारात (बायपोलर) उन्माद किंवा सौम्य उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येतात. औषधोपचारांच्या जोडीने हा आहार दिल्यास मनःस्थिती स्थिर राहायला मदत होते का, याचा अभ्यास सध्या सुरू आहे. हाती आलेले पुरावे आशा वाढवणारे असले तरी तुटपुंजे आहेत. प्रमुख उपचार-मार्गदर्शिकांमध्ये या आहाराला अजून मान्यताप्राप्त उपचाराचे स्थान नाही.

दिवसाकाठी पिष्टमय पदार्थ साधारण २० ते ५० ग्रॅमवर आणले की रक्तातले इन्सुलिन उतरते आणि यकृत चरबीपासून कीटोन हे शरीराचे पर्यायी इंधन बनवू लागते. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा त्यांतला मुख्य. बोटाच्या टोकाला सुई टोचून छोट्या यंत्रावर तो मोजता येतो. दर लिटर रक्तात ०.५ ते ३ मिलिमोल एवढा आढळला की आहार ‘लागू पडला’ असे धरतात. मधुमेहात उद्भवणारी कीटोआम्लता ही याहून वेगळी, जिवावर बेतणारी अवस्था आहे. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

या आहाराची मुळे अपस्माराच्या (फिट येण्याच्या) उपचारात आहेत. उपाशी राहिल्यावर झटके कमी होतात हे जुने निरीक्षण होते. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी उपवास न करताच शरीरात तीच अवस्था आणणारा आहार सुचवला. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे अपस्माराचे औषध आले, गोळी घेणे सोपे ठरले आणि आहार मागे पडला. पुढे औषधांना दाद न देणाऱ्या बालरुग्णांसाठी तो परत आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (जिच्यात कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते) तो घेणाऱ्या मुलांचे झटके स्पष्टपणे घटले होते. मनोविकारतज्ज्ञांचे कुतूहल चाळवले ते इथे. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही मुळात अपस्माराची औषधे, आणि तीच द्विध्रुवी विकारातही दिली जातात. मग आहारही तसाच दोन्हीकडे चालेल काय? तर्क मोहक आहे, पण तो तर्कच. अपस्मारावरची सगळीच औषधे काही मनःस्थिती सावरत नाहीत.

कार्यपद्धतीबद्दल अनेक कल्पना मांडल्या जातात. सर्वांत वजनदार कल्पना पेशीतल्या ऊर्जेची आहे. या विकारात तंतुकणिकांचे (मायटोकॉन्ड्रिया) काम बिघडलेले असावे असे सुचवणारे पुरावे आहेत. ग्लुकोजपासून ऊर्जा काढताना जो टप्पा अडखळत असेल, तो टाळून कीटोन थेट पुढच्या चक्रात शिरतात. म्हणजे मेंदूला इंधनाचा आडमार्ग मिळतो. याखेरीज ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन आणि गॅबा हे शामक रसायन यांचा तोल बदलणे, दाह कमी होणे, इन्सुलिनरोध (पेशींनी इन्सुलिनला नीट दाद न देणे) उतरणे हीही कारणे सांगितली जातात.

२००२ मध्ये नोंदलेल्या एका रुग्णात या आहाराचा उपयोग झाला नव्हता. मात्र त्या रुग्णाच्या लघवीत कीटोन दिसलेच नव्हते, त्यामुळे ती खरी परीक्षा म्हणता येत नाही. २०१३ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या द्विध्रुवी विकाराच्या (नैराश्य आणि सौम्य उन्माद असलेल्या) दोन स्त्रियांची नोंद आली. दोघींनी काही वर्षे कीटोन टिकवले आणि औषधांपेक्षाही मन अधिक स्थिर राहिल्याचे सांगितले. फ्रान्समधल्या तुलूझ येथे रुग्णालयात दाखल असलेल्या, दीर्घकालीन गंभीर मनोविकारांच्या ३१ रुग्णांच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी २८ जणांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ आहार पाळला आणि त्यांची लक्षणे बरीच कमी झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार महिन्यांचा प्राथमिक अभ्यास २०२४ मध्ये आला, तर एडिनबरो येथे द्विध्रुवी विकाराच्याच रुग्णांवर सहा ते आठ आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात २७ जण घेतले गेले, २० जणांनी तो पुरा केला. गळती एवढी असली तरी हा आहार पाळणे अशक्य नाही, हे त्यातून दिसले.

या सर्व अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि खरी अडचण तीच. आहार गुप्त ठेवून देता येत नाही. ताटात काय आहे ते रुग्णाला दिसतेच. त्यात वजन उतरते, तज्ज्ञांचे सतत लक्ष असते, जेवणाच्या वेळा पक्क्या होतात. मग सुधारणेचे श्रेय कीटोनला द्यायचे की या बाकी गोष्टींना? कॅनडातल्या मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या एका चाचणीत इन्सुलिनरोध उलटलेल्या रुग्णांचे नैराश्य घटले होते, तेव्हा कीटोनविनाही काही वाटा चयापचयाचा असू शकतो. ओलान्झापिनसारख्या मनोविकारावरच्या औषधांनी वाढलेले वजन आणि साखर या आहाराने आटोक्यात येणे, हा लाभ मात्र मनावरच्या परिणामाची वाट न पाहता मोलाचा आहे.

धोक्यांचा विचार करताना आधी लिथियम या मनःस्थिती सावरणाऱ्या औषधाकडे पाहावे लागते. त्याची उपचारक पातळी (दर लिटर रक्तात साधारण ०.६ ते १.० मिलिमोल) आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते. आहाराच्या पहिल्या आठवड्यात इन्सुलिन उतरल्याने मूत्रपिंडे मीठ आणि पाणी भराभर बाहेर टाकतात. शरीरात मीठ कमी पडले की मूत्रपिंडे सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. हात थरथरणे, उलटी-जुलाब, तोल जाणे ही चाहूल असते. म्हणून मीठ-पाणी पुरेसे घेणे आणि पातळी वारंवार तपासणे अटळ ठरते. व्हॅल्प्रोएट यकृतावर आणि कार्निटिनवर भार टाकते, आणि चरबी जाळायला कार्निटिन लागतेच. टोपिरामेट हे अपस्माराचे औषध सुरू असेल तर आम्लता आणि मुतखड्याची शक्यता वाढते.

सुरुवातीला डोकेदुखी, थकवा, बद्धकोष्ठता आणि झोपमोड होते. यांपैकी झोपमोड या विकारात किरकोळ समजू नये, कारण झोप उडणे हे उन्मादाचे ओळखीचे निमित्त आहे. अचानक आलेला उत्साह ही सुधारणा की सौम्य उन्मादाची सुरुवात, हे अनेकदा घरच्यांना रुग्णाच्या आधी कळते. खाण्याचे विकार, गर्भावस्था, पॉर्फिरिया (रक्तातले रंगद्रव्य बनवण्यातला दोष) किंवा मेदाम्ल-चयापचयातले जन्मजात दोष असतील तर हा आहार देत नाहीत. मधुमेहावरची एसजीएलटी-२ रोधक औषधे चालू असतानाही तो टाळतात. बरे वाटू लागल्यावर आपल्या मनाने गोळ्या बंद करणे सर्वांत घातक. औषधात बदल मनोविकारतज्ज्ञाने, तोही टप्प्याटप्प्याने करायचा असतो. अपस्मारात तर आहार थांबवतानाही काही आठवडे ते महिने घेऊन पिष्टमय पदार्थ हळूहळू वाढवतात.