क्रिया-प्रतिक्रिया बलांविषयीच्या गैरसमजुती

क्रिया-प्रतिक्रिया बलांविषयीच्या गैरसमजुती : दोन वस्तू एकमेकींना ढकलतात, ओढतात, धडकतात किंवा दुरून आकर्षितात, तेव्हा त्यांच्यातील बलांबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात असलेल्या आणि न्यूटनच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाशी न जुळणाऱ्या कल्पना. महाराष्ट्र राज्याच्या अभ्यासक्रमात हा नियम इयत्ता नववीत येतो. क्रिया बल व प्रतिक्रिया बल समान परिमाणाची, विरुद्ध दिशांची, एकाच वेळी असणारी आणि दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागणारी असतात, हे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. त्याच विद्यार्थ्याला ‘एसटी आणि दुचाकीच्या धडकेत कोणाचे बल जास्त?’ असे विचारले, की ‘एसटीचाच जोर जास्त असणार की’ असे उत्तर येते. पाठांतर आणि विचार यांमधील हे अंतर म्हणजे प्रस्तुत नोंदीचा विषय होय. उदाहरणे मुख्यतः सोलापूर शहर व जिल्ह्यातील घेतली आहेत.

संज्ञा : या कल्पनांना काय म्हणावे, यावर एकमत नाही. भौतिकी-शिक्षणाचे संशोधक क्लेमेंट यांनी १९८२ च्या लेखात ‘पूर्वकल्पना’ या अर्थाची संज्ञा वापरली. ड्रायव्हर व ईझ्ली यांच्या १९७८ च्या मांडणीपासून ‘पर्यायी चौकट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मुलाची कल्पना चुकीची असली तरी तिला स्वतःची सुसंगती असते, हे त्यातून सुचवायचे होते. मराठीत ‘गैरसमजूत’ हा शब्द रुळला आहे. त्यात ‘कोणीतरी चुकीचे सांगितले’ असा ध्वनी आहे आणि तो येथे पुरता लागू पडत नाही. या कल्पना बहुतांशी कोणी शिकवलेल्या नसतात, त्या अंगवळणी पडलेल्या असतात. अन्य सोयीचा शब्द रूढ नसल्याने येथे तोच ठेवला आहे.

नियमाचे मूळ : तिसरा नियम न्यूटनला नेमका केव्हा व कशावरून सुचला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १६६५ च्या सुमाराच्या त्याच्या टिपणवहीत धडकणाऱ्या वस्तू एकमेकींवर सारखाच दाब देतात अशा आशयाची विधाने आढळतात. मात्र स्वतंत्र नियम म्हणून त्याला १६८४-८५ च्या मसुद्यांत आकार आला असावा. छापील रूपात तो न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात येतो. टक्करींच्या नियमांचे श्रेय न्यूटनने स्वतःच रेन, वॉलिस व हायगेन्स यांना दिले आहे. या तिघांनी १६६८-६९ मध्ये आपापले निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. त्यावरून नियमाचे मूळ टक्करींच्या अभ्यासात आहे, असे एक मत आहे. गुरुत्वाकर्षण परस्पर असल्याखेरीज विश्वरचनेचे गणित जमत नव्हते, म्हणून नियम व्यापक करावा लागला, असे दुसरे. दोन्ही मते एकमेकांना छेदत नाहीत. बीज टक्करींत आणि विस्तार गुरुत्वाकर्षणात, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

न्यूटनने दिलेली उदाहरणे साधी आहेत. बोटाने दगड दाबला, तर दगडही बोट दाबतो. घोडा दोराला बांधलेला दगड ओढतो, तेव्हा दगडही घोड्याला तितकाच मागे ओढतो. १० फूट लांबीचे लंबक एकमेकांवर आदळवून त्याने हवेच्या रोधाचा हिशेब वजा केला आणि दोन्हींच्या संवेगातील (वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारातील) बदल सारखा असल्याचे दाखवले. चुंबक व लोखंड वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून ती भांडी पाण्यावर शेजारी तरंगत ठेवल्यावर ती एकमेकांना टेकून स्थिर राहिली. चुंबकाची ओढ लोखंडाच्या ओढीपेक्षा अधिक असती, तर जोडी आपोआप एका दिशेला चालू लागली असती. शाळेत करून दाखवण्याजोगा हा प्रयोग पाठ्यपुस्तकांच्या नजरेतून का सुटला, हे कळत नाही.

न्यूटनच्या ‘क्रिया’ या शब्दाचा अर्थही वादाचा आहे. बहुतेक ठिकाणी तो बल किंवा संवेगातील बदल या अर्थाने येतो. नियमाखालील विवरणाच्या अखेरीस मात्र बल आणि वेग यांच्या गुणाकाराचा उल्लेख आहे. तो ऊर्जेच्या कल्पनेचा पूर्वसंकेत होय, असे थॉमसन व टेट या भौतिकीविदांनी १८६७ मध्ये प्रतिपादले. हा अर्थ बराच नंतरचा आणि मुळावर लादलेला वाटतो. ‘प्रतिक्रिया’ या अर्थाचा लॅटिन शब्द न्यूटनच्या आधीपासून तत्त्वज्ञानात होता. तापवणारी वस्तू स्वतः थोडी निवते, अशा प्रसंगी तो वापरला जाई. तेथे एक कर्ता आणि एक सोसणारा अशी उतरंड असे. न्यूटनने शब्द तेच ठेवून ती उतरंड मोडली. विद्यार्थ्यांच्या मनात मात्र ती अजून उभी आहे.

शब्दांचा वाटा : मराठीत ‘बळ’ आणि ‘बल’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, एक घरातला आणि एक पुस्तकातला. ‘अंगात बळ नाही’ म्हणताना बळ ही कोणाच्या तरी मालकीची वस्तू असते. भौतिकीत बल कोणाकडे नसते, ते दोघांमध्ये असते. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण ज्याच्या कानावर आहे, त्याला धडकेत बस जास्त बल लावते असे वाटले तर नवल नाही. ‘प्रतिक्रिया’ हा शब्द तर अधिकच फसवा आहे. ‘तुमची प्रतिक्रिया काय?’ हे घटना घडून गेल्यावर विचारतात, त्यामुळे प्रतिक्रिया बल नंतर निर्माण होते अशी समजूत आपोआप होते. वर्गात कधीकधी ‘जशास तसे’ म्हणून नियम समजावतात. त्यात सूड आहे आणि सुडाला वेळ लागतो. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हण नियमाच्या पुष्कळ जवळची होय.

सोलापूर हे बहुभाषिक शहर आहे. येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू माध्यमांतही शाळा चालतात. कन्नड व तेलुगू या दोन्ही भाषांत शास्त्रीय शब्द ‘बल’ या संस्कृत शब्दावरूनच आला आहे आणि तेथेही त्याचा रोजचा अर्थ ताकद असा आहे. प्रतिक्रियेला कन्नडमध्ये ‘प्रतिक्रिये’, तेलुगूत ‘प्रतिचर्य’ आणि उर्दूत ‘रद्दे-अमल’ म्हणतात. चारही भाषांत शब्द नंतरच्या उत्तराकडेच बोट दाखवतो. म्हणून केवळ माध्यम बदलून ही अडचण सुटण्यासारखी नाही. उलटपक्षी, सगळाच दोष भाषेला देणेही बरोबर नाही, कारण इंग्रजी, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांतही याच समजुती आढळल्या आहेत.

स्वरूप : सर्वांत चिवट समजूत वरचढपणाची. जी वस्तू मोठी, वेगवान किंवा सक्रिय ती जास्त बल लावते, असे गृहीत धरले जाते. १२,००० किग्रॅ. वस्तुमानाची बस आणि स्वारासह २०० किग्रॅ. भरणारी दुचाकी यांची धडक झाली, तर दोहोंवरील बल सारखेच असते. वस्तुमानांचे गुणोत्तर ६० असल्याने वेगातील बदल मात्र ६० पट भिन्न असतो. बसच्या वेगात ताशी १ किमी.चा बदल झाला, तर दुचाकीच्या वेगात ताशी ६० किमी.चा. विद्यार्थी परिणाम पाहतो आणि त्यालाच बल समजतो. झाडावरून पडणाऱ्या २०० ग्रॅमच्या आंब्याबाबतही हेच होते. आंबा पृथ्वीला सुमारे २ न्यूटन बलाने वर ओढतो, पण पृथ्वीला मिळणारे त्वरण लिहायचे तर दशांशचिन्हापुढे २४ शून्ये देऊन मग ३३ लिहावे लागतील.

सक्रिय-निष्क्रिय भेदाचे उत्तम उदाहरण यंत्रमागावर मिळते. पिकर (मागाचा फटका देणारा भाग) आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका मारतो, धोटा बिचारा मार खातो, असे पाहणाऱ्याला वाटते. पण पिकर झिजतो आणि बदलावा लागतो, हे माग चालवणाऱ्या घरातील मुलाला ठाऊक असते. धोट्याने पिकरला काहीच केले नसते, तर तो झिजला कशाने? हा प्रश्न विचारल्यावर व्याख्येपेक्षा लवकर उजेड पडतो.

दुसरी अडचण घोडा-गाडीच्या कोड्याची. सोलापुरात ती ऊसगाळपाच्या हंगामात मांडावी. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो. ट्रॉल्याही त्याला तितक्याच बलाने मागे ओढतात, तर गाडी हलते कशी? येथे एकाच वस्तूवरची बले आणि एका जोडीतील बले यांची गल्लत होते. ट्रॅक्टरच्या चाकाने जमीन मागे रेटली की जमीन त्याला पुढे रेटते. हा रेटा ट्रॉल्यांच्या ओढीपेक्षा व इतर रोधापेक्षा अधिक असेल, तरच ट्रॅक्टरचा वेग वाढतो. पावसानंतर काळ्या रानात चाक जागच्या जागी फिरते, तेव्हा ‘ट्रॉलीने ट्रॅक्टरला हरवले’ असे झालेले नसते. ओल्या मातीला पुरेसे पुढे रेटता आलेले नसते. मागच्या चाकांत पाणी भरून किंवा वजने लावून भार वाढवतात, तो याचसाठी. रस्सीखेचीतही जिंकणारा संघ दोर जास्त ओढत नाही (दोराचे वस्तुमान नगण्य मानल्यास), तो जमीन जास्त रेटतो.

टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाने वर लावलेले बल यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी मानणे ही पुस्तकी चूक होय. मुलांपेक्षा ती शिकवणाऱ्यांतच अधिक पसरलेली असावी. टेबलाच्या या बलासाठी वापरली जाणारी ‘लंब प्रतिक्रिया’ ही संज्ञा तिला खतपाणी घालते. वस्तुतः दोन्ही बले पुस्तकावरच लागतात, म्हणून ती जोडी असू शकत नाही. लिफ्ट वर जाण्यास सुरुवात करते त्या क्षणी लिफ्टच्या तळाचे माणसावरील बल त्याच्या वजनाहून अधिक होते आणि ‘जोडी’ मोडते. माणसाने तळावर आणि तळाने माणसावर लावलेली बले मात्र तेव्हाही समानच राहतात. वजनाचा जोडीदार म्हणजे माणसाने पृथ्वीवर लावलेली ओढ.

कारणमीमांसा : मॅक्लॉस्की यांनी १९८३ मध्ये असे मांडले, की लोकांच्या मनात गतीविषयी एक सुसंगत सिद्धांत असतो आणि तो चौदाव्या शतकातील तत्त्वज्ञ बुरिदानच्या ‘आवेग’ कल्पनेशी (फेकलेल्या वस्तूत जोर भरला जातो व तोच तिला पुढे नेतो) जुळतो. दुसरे संशोधक डिसेसा यांना सिद्धांत वगैरे काही दिसत नाही. अनुभवातून जमलेले सुटे तुकडे प्रसंगानुसार जागे होतात, असे त्यांचे म्हणणे. बाओ, हॉग व झॉलमन यांनी २००२ मध्ये तिसऱ्या नियमापुरते दाखवले, की वेग, वस्तुमान, ढकलण्याचा पुढाकार आणि त्वरण या चार संदर्भांपैकी कोणता प्रश्नात ठळक आहे, त्यावर विद्यार्थ्याचे उत्तर अवलंबून असते. लहान मोटार बंद पडलेल्या ट्रकला ढकलत वेग वाढवत असताना ‘मोटारीचे बल जास्त’ म्हणणारा विद्यार्थी वेग स्थिर होताच ‘समान’ म्हणतो. उत्तर बरोबर, कारण चुकलेले. हे निरीक्षण तुकड्यांच्या मताला अधिक अनुकूल आहे.

चाचणी व अध्यापन : हेस्टेनीझ, वेल्स व स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये तयार केलेली बल-संकल्पना चाचणी या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाते, १९९५ च्या सुधारित आवृत्तीत ३० प्रश्न असून ४ प्रश्न तिसऱ्या नियमाचे आहेत. हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासवर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. केवळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सापेक्ष सुधारणा (शक्य असलेल्या सुधारणेपैकी प्रत्यक्ष झालेला भाग) ०.२३, तर विद्यार्थ्यांना बोलते-करते ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८ आढळली.

टेबल वर ढकलते हे मुलांना पटत नाही, तेव्हा क्लेमेंट पुलासारख्या उदाहरणांची मालिका सुचवतात : आधी हाताने दाबलेली स्प्रिंग, मग फोमवर ठेवलेले पुस्तक, मग वाकणारी पातळ फळी, शेवटी टेबल. याहून स्वस्त उपाय दोन ताणकाट्यांचा (स्प्रिंगच्या ताणावरून बल दाखवणाऱ्या काट्यांचा). काटे एकमेकांत अडकवून दोन मुलांनी ओढायचे. त्यापूर्वी कोणाचा काटा जास्त दाखवील ते प्रत्येकाने वहीत लिहायचे. वर्गातील दांडगा मुलगा आणि किरकोळ मुलगी अशी जोडी निवडल्यास अंदाज चुकण्याची खात्री असते. त्यानंतर एक काटा खिडकीच्या गजाला बांधावा. त्या बाजूला ओढणारे कोणीच नसताना गजाकडचा काटा दुसऱ्याइतकेच दाखवतो, तेव्हा वर्गात पहिल्यांदा शांतता होते.