बैलजोडीतला एक बैल बसला तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका चहाच्या टपरीवर मागच्या महिन्यात ऐकलेलं वाक्य हा लेख लिहायला कारणीभूत आहे. वरून उजळाईवाडीच्या विमानतळाकडं उतरणारं विमान गेलं. कुणीतरी मान वर करून म्हणालं, "त्याला दोन इंजिनं असत्यात. एक बंद पडलं तरी दुसरं हाय की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेला माझा मित्र क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगचं काम करतो. यंत्राच्या बाबतीत त्याला फसवणं अवघड, पण त्यानंही मान डोलावली.

मोठ्या प्रवासी विमानाबाबत ते वाक्य खरं आहे. छोट्या, जुन्या, दोन इंजिनांच्या विमानांबाबत मात्र ते अर्धंच खरं आहे, आणि त्या राहिलेल्या अर्ध्या भागात मला गेली सहा-सात वर्षं विलक्षण रस आहे. त्याला निमित्त माझा भाचा. तो अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. तिथल्या एका लहान धावपट्टीवर त्याचा आणि आणखी दोघांचा मिळून एक पायपर अपाची आहे. हे मॉडेल १९५४ साली बाजारात आलं. चार माणसं बसतात, दोन्ही पंखांवर प्रत्येकी १५० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन. त्या धावपट्टीवर असे दहा-बारा जुने विमानवाले आहेत. कुणाकडं बीचक्राफ्ट, कुणाकडं सेसना ३१०. एकाचा जॅक दुसरा नेतो, एकाचं इंजिन उघडलं की बाकीचे टॉर्च घेऊन हजर. रविवारी भाचा व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन सरळ इंजिनाच्या तोंडाशी धरतो. आमच्याकडं तेव्हा संध्याकाळ असते, त्यामुळं ग्राइंडिंगवाला मित्रही येऊन बसतो.

आता मूळ मुद्दा. ऊस वाहणारी बैलगाडी डोळ्यांपुढं आणा. जोडीतला डावा बैल चालता चालता मटकन बसला, तर उजवा ओढतच राहतो आणि गाडी बसलेल्या बैलाभोवती फिरू लागते. डावं इंजिन बंद पडलं की विमानाचं नाक तसंच डावीकडं वळतं. फरक एवढाच की गाडीची चाकं जमिनीला धरून असतात, हवेत धरायला काही नाही. त्यात चालू इंजिनाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, आपल्यामागच्या पंखावर जोरात हवा फेकत असतो. म्हणून तो पंख वर उचलला जातो, बंद इंजिनाचा पंख खाली जातो. वळणं आणि कलंडणं एकदमच सुरू होतं.

हे थोपवायला वैमानिकाकडं शेपटीवरचं उभं सुकाणू असतं. उजवं पेडल दाबलं की सुकाणू उजवीकडं वळतं आणि नाक परत सरळ येतं. पण सुकाणूचा जोर हवेच्या वेगावर अवलंबून असतो, आणि तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग पाचव्या हिश्श्यानं घटला तर सुकाणूचा जोर एक तृतीयांशाहून जास्त घटतो. इंजिनाची ओढ मात्र तेवढी घटत नाही. म्हणजे असा एक वेग असणारच, ज्याच्या खाली पेडल तळाला टेकवलं तरी नाक सरळ राहणार नाही. वेगदर्शकाच्या तबकडीवर तिथं लाल रेघ असते. तिच्या थोडं वर एक निळी रेघ असते. एका इंजिनावर जास्तीत जास्त चढता येईल असा तो वेग. जुन्या विमानवाल्यांच्या बोलण्यात या दोन रेघा इतक्या येतात की भाच्याची सात वर्षांची मुलगी घरात पळताना "ब्लू लाइन!" असं ओरडते.

आता माझ्या लाडक्या भागाकडं येतो. दोन इंजिनांपैकी कोणतं बंद पडलेलं जास्त वाईट? दोन्ही सारखीच, अंतर सारखं, ताकद सारखी, मग फरक कशाला पडावा? पण पडतो. बहुतेक अमेरिकन विमानांत डावं बंद पडणं जास्त धोक्याचं. म्हणून डाव्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात.

वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर या विमानांचे दोन्ही पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. म्हणजे प्रत्येक पंख्याच्या उजव्या अंगाचं पातं खाली येत असतं, डाव्या अंगाचं वर जात असतं. विमान कमी वेगानं चढत असताना नाक वर असतं, त्यामुळं समोरची हवा फिरत्या पंख्याच्या गोल तबकडीवर सरळ न येता थोडी खालून येते. त्या हवेचा एक लहान भाग तबकडीच्या पृष्ठालगत खालून वर वाहतो. पंचगंगेत पोहणारा आठवा: प्रवाहाच्या उलट जाताना अंगावर पाणी जास्त येतं, प्रवाहाबरोबर जाताना कमी. खाली येणारं पातं प्रवाहाच्या उलट जातं, वर जाणारं प्रवाहाबरोबर.

आकडे घालून बघू. पंख्याचा व्यास १.८३ मीटर, मिनिटाला २,७०० फेरे. पंख्याच्या मध्यापासून टोकाकडं तीन चतुर्थांश अंतरावरचा पात्याचा बिंदू सेकंदाला सुमारे १९४ मीटर वेगानं फिरतो. विमानाचा वेग सेकंदाला ४५ मीटर आणि नाक हवेच्या दिशेपेक्षा १० अंश वर धरलं, तर तबकडीलगत वर वाहणारी हवा सेकंदाला जवळजवळ ८ मीटर. खाली येणाऱ्या पात्याला २०२ मीटरची हवा मिळते, वर जाणाऱ्याला १८६ ची. फरक किरकोळ वाटतो, पण पात्याचं बल वेगाच्या वर्गावर चालतं. २०२ चा वर्ग १८६ च्या वर्गापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी मोठा आहे. शिवाय खाली येणाऱ्या पात्याला हवा अंशभर जास्त कोनातून भिडते. पातं मुळात चार-पाच अंशांच्या कोनावरच काम करत असल्यानं हा एक अंशही भारी पडतो. परिणाम असा की पंख्याची ओढ त्याच्या मध्यातून न जाता उजवीकडं सरकते, समजा चार बोटं.

आता तरफेचा नियम लावा. उजव्या इंजिनाच्या पंख्याची उजवी बाजू विमानाच्या मध्यरेषेपासून लांब आहे, तर डाव्या इंजिनाच्या पंख्याची उजवी बाजू मध्यरेषेच्या जवळ. चार बोटांनी एकाची भुजा लांबली, दुसऱ्याची आखूड झाली. म्हणून डावं बंद पडून उजवं एकटं ओढतं तेव्हा नाक फिरवणारा जोर जास्त असतो, आणि लाल रेघ वरच्या वेगाला जाते. दोन सारख्या गोष्टींमध्ये असा लपलेला डावा-उजवा निघावा, हे मला आजही अद्भुत वाटतं. याच कारणासाठी पुढच्या काळात काही विमानांत दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरवले गेले, आणि सेसनानं स्कायमास्टरमध्ये एक इंजिन नाकावर, एक पाठीमागं असं बसवून भुजेचा प्रश्नच काढून टाकला.

हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "डावं ते डावंच, शास्त्रात सांगितलंय." असं अजिबात नाही. ब्रिटनच्या डी हॅव्हिलंडची जिप्सी मालिकेतली जुनी इंजिनं उलट दिशेनं फिरत. तशा विमानात उजवं इंजिन क्रिटिकल ठरतं. डाव्या-उजव्याचा शुभ-अशुभाशी काडीचा संबंध नाही. खंडेनवमीला मीही अवजारांना झेंडूचं फूल वाहतो, कारण हाताला काम देणाऱ्या वस्तूंबद्दल मला कृतज्ञता वाटते. पण लिंबू-मिरची बांधून लाल रेघ एका काट्यानंही खाली येत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याला तिथंच थांबवावं.

आता "दुसरं हाय की" या वाक्याचा हिशोब. दोन इंजिनांची मिळून ३०० अश्वशक्ती. पंख्यातून प्रत्यक्ष ओढीला त्यातली साधारण २४० मिळते. तोलून सरळ उडायला समजा १०० लागते. उरलेल्या १४० वर विमान चढतं. १,६०० किलो वजनाला ही १४० अश्वशक्ती मिनिटाला सुमारे ४०० मीटर उचलते. आता एक इंजिन गेलं. हाती १२०, गरज १००, शिल्लक २०. शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता १४० वरून २० वर आली, म्हणजे सातवा हिस्सा. मिनिटाला ५७ मीटर. आणि हे बंद पंख्याचा अडथळा न धरता, समुद्रसपाटीवर, थंड हवेत, नव्या विमानात.

हेच विमान एप्रिलमध्ये दुपारी उजळाईवाडीला आणा. १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. ३८ अंश तापमानाला तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानक घनतेच्या ८६ टक्के उरते, म्हणजे विमानाच्या दृष्टीनं ते साधारण १,५०० मीटर उंचीवर उभं आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटते. १२० ची १०३ होते, आणि विरळ हवेत गरज १०० वरून १०८ च्या आसपास जाते. शिल्लक संपली. दुसरं इंजिन चालू आहे, पूर्ण जोरात आहे, आणि विमान तरीही खाली येतंय. अशा वेळी नाक वर ओढायचा मोह होतो. ओढलं की वेग लाल रेघेकडं घसरतो, आणि विरळ हवेत ती रेघ पंख हवा सोडून देतात त्या वेगाच्या अगदी शेजारी येऊन बसलेली असते. त्यापुढं विमान गिरकी घेतं. लहान दोन-इंजिनी विमानांच्या अपघातांच्या अहवालांत हा क्रम वारंवार सापडतो.

मोठ्या विमानांचे नियम वेगळे आहेत. प्रवासी वर्गातल्या दोन-इंजिनी विमानाला उड्डाणानंतर एका इंजिनावर, चाकं आत घेतलेली असताना, किमान २.४ टक्के चढण दाखवावीच लागते. त्या दिवसाची उष्णता, धावपट्टीची लांबी, वजन सगळं धरून हे आधी मोजलं जातं. गरज पडली तर प्रवासी किंवा सामान कमी करतात. आपल्याकडं येणाऱ्या एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानात बंद इंजिनाच्या पंख्याची पाती आपोआप फिरवणारी यंत्रणाही असते. अपाचीच्या काळी हलक्या विमानांना अशी अट नव्हती. एका इंजिनावर चढता येतं की नाही हे फक्त मोजून लिहून ठेवायचं.

पाती फिरवणं म्हणजे फेदर करणं. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यानं फिरत राहिला तर तोच इंजिनाला फिरवू लागतो, आणि ती सगळी शक्ती विमानाच्या वेगातून जाते. म्हणून पाती धारेनं हवेला समांतर करायची. या विमानांत इंजिनाच्या तेलाचा दाब पात्यांना कामाच्या कोनात धरून ठेवतो, आणि स्प्रिंग त्यांना फेदरकडं ढकलत असते. तेल गेलं तर पाती आपोआप बाजूला व्हावीत, अशी सुंदर रचना. मात्र जमिनीवर नेहमीसारखं इंजिन बंद करताना ती फेदर होऊ नयेत म्हणून फेरे ठरावीक आकड्याखाली गेले की खिळी अडकते. त्याआधी निर्णय घेतला नाही तर पाती अडकून राहतात.

आणि निर्णय चुकायला वाव भरपूर. घाबरून चालू इंजिन फेदर केल्याची उदाहरणं आहेत. म्हणून या वैमानिकांचा एक घोष आहे: जो पाय रिकामा, ते इंजिन मेलं. उजवा पाय पेडलवर जोर देतोय, डावा मोकळा, म्हणजे डावं गेलं. मग त्याचा थ्रॉटल मागं ओढून खात्री करायची. काही फरक पडला नाही तरच फेदर. अपाचीत आणखी एक पेच. चाकं उचलणारा हायड्रॉलिक पंप फक्त डाव्या इंजिनावर आहे. क्रिटिकल इंजिन गेलं की चाकं हातपंपानं उचलायची, तीही एका पायानं सगळा जोर लावून. भाचा आणि त्याचे सोबती दर सहा महिन्यांनी पुरेशा उंचीवर प्रशिक्षक शेजारी बसवून याचा सराव करतात. न केलेल्याला ते आपलं विमान देत नाहीत, जवळचा मित्र असला तरी.

देखभालीत सगळं दुप्पट, हे उघड आहे. पण जुन्या विमानाचा खरा शत्रू वापर नाही, उभं राहणं आहे. लायकमिंगमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. महिनाभर इंजिन फिरलं नाही की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि दमट हवेनं गंज धरतो. तो गंज पुढं कॅमला टेकून चालणारे टॅपेट खरवडतो. म्हणून थंडीतही ते विमान तेल नीट तापेपर्यंत उडवून आणतात, नुसतं जमिनीवर सुरू करून बंद करत नाहीत. अर्धवट तापलेल्या तेलात पाणी तसंच राहतं. तेल बदलताना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडतात आणि धातूचे कण शोधतात. एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या चेहऱ्याचा रंग एकसारखा गोल आहे की एका कडेला चंद्रकोर उठली आहे, हे दुर्बिणीच्या नळीतून बघतात. कोर उठली असेल तर व्हॉल्व्ह जळू लागलाय.

दोन्ही पंखे एका सुरात आणायचं काम मात्र कानानंच होतं. दोन पात्यांचा पंखा २,४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० ठोके देतो. दुसरा २,४१० वर असेल तर दर तीन सेकंदांनी "वूंऽऽ" अशी लाट येते. तानपुऱ्याची जोडीची तार जुळवताना हीच लाट लांबत लांबत नाहीशी होते. देवल क्लबच्या मैफलींत वाढलेल्या माझ्या भाच्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

गेल्या वार्षिक तपासणीत ते सुकाणूच्या दोराशी आले. पेडलपासून शेपटीपर्यंत जाणारा हा पोलादी तारांचा दोर. लाल रेघेच्या वेगाला पायाचा जोर ६८ किलोपर्यंत लागू शकतो असं नियम धरतो, आणि तो सगळा या दोरातून जातो. भाचा सुती फडकं दोरावरून हळूहळू ओढत होता. एका कप्पीपाशी धागा अडकला. तुटलेली एक बारीक तार वर आली होती, डोळ्याला दिसणार नाही इतकी. ग्राइंडिंगवाला मित्र स्क्रीनच्या अगदी जवळ सरकला. "कप्पीवर वाकतोय तिथंच जाणार तो," तो म्हणाला, "आमच्या विहिरीचा मोटेचा नाडा तिथंच जायचा." मग भाच्याला विचारलं, "कप्पी फिरते का बघितलीस? का एकाच जागी घासतीया?"

भाच्यानं बोटानं फिरवून पाहिली. कप्पी धरली होती. कप्पी आणि दोर दोन्ही बदलले, ताण मापकावर मोजून लावला, नोंदवहीत लिहिलं. जुन्या दोराचा वीतभर तुकडा तो दिवाळीला घेऊन येतोय. मित्राला तो भिंगाखाली धरून बघायचा आहे, आतल्या किती तारा गेल्या होत्या ते.