परिसर शिक्षण, कॅथलिक विचारातील

पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या (पोपच्या अधिकृत शिकवणपत्राच्या) सहाव्या प्रकरणात मांडलेली शिक्षणाची कल्पना आणि तिच्या आधारे शाळा, धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा स्थानिक समुदाय) व कुटुंबांत चालणारी कृती. युनेस्कोच्या ‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’ या कार्यक्रमाशी तिचे बरेचसे जुळते. फरक मूळ भूमिकेत आहे. युनेस्को भावी नागरिकाची क्षमता घडवू पाहते, तर परिपत्रकाला माणसाची सवय आणि हाव यांनाच हात घालायचा आहे.

युनेस्कोच्या प्रवाहाचे टप्पे असे : पर्यावरण शिक्षणावरील तिबिलिसी परिषद (१९७७), रिओ येथील वसुंधरा परिषदेच्या ‘अजेंडा २१’ या कृतिआराखड्यातील शिक्षणावरचे ३६ वे प्रकरण (१९९२), संयुक्त राष्ट्रांचे शाश्वत विकास शिक्षण दशक (२००५–१४) आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील याच शिक्षणाचे लक्ष्य ४.७. कॅथलिक बाजूची सुरुवात मात्र काहीशी आरोपीच्या पिंजऱ्यातून झाली. पृथ्वीवर सत्ता चालवा, या बायबलमधील आज्ञेने निसर्गाच्या लुटीला बळ दिले, असे इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये मांडले आणि उतारा म्हणून असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव सुचवले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये याच संताला परिस्थितिकीचा आश्रयदाता घोषित केले. त्याआधी, १९७१ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी निसर्गाच्या अविचारी शोषणाबद्दल इशारा दिला होता. दुसरे जॉन पॉल यांचा १९९० चा जागतिक शांतिदिन संदेश तर पूर्णपणे याच विषयावर होता.

‘लाउदातो सी’वर २४ मे २०१५ ही तारीख आहे, ते १८ जूनला प्रसिद्ध झाले. त्यात सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद आहेत. पर्यावरणाचे संकट वेगळे आणि समाजाचे वेगळे नसून दोन्ही मिळून एकच गुंतागुंतीचे संकट आहे, ही त्यातली मध्यवर्ती भूमिका (परिच्छेद, म्हणजे परि., १३९). बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील ‘सत्ता’ हा शब्द एदेन बागेच्या ‘मशागत व राखण’ या जबाबदारीसोबतच वाचावा, असा त्याचा आग्रह आहे (परि. ६७). शिक्षणाबद्दल परि. २१० म्हणतो की केवळ शास्त्रीय माहिती व धोक्यांची जाणीव पुरणार नाही. व्यक्तिवाद, अमर्याद प्रगती, स्पर्धा, उपभोग आणि बेलगाम बाजार यांचीही चिकित्सा हवी. लगेच पुढे, परि. २११ मध्ये, यादी येते ती अगदी घरगुती : प्लास्टिक व कागद कमी वापरणे, कचरा वेगळा करणे, खपेल तेवढेच शिजवणे, गरज नसलेले दिवे बंद करणे. नुसत्या कायद्याने हे घडत नाही, सवय लागावी लागते, हे त्यामागचे कारण.

कार्यपद्धती ‘पाहा, पारखा, करा’ ही. बेल्जियन धर्मगुरू योसेफ कार्डेन यांच्या युवा कामगार चळवळीतून आलेल्या या पद्धतीला पोपच्या १९६१ च्या एका आधीच्या परिपत्रकात मान्यता मिळाली. शाळेत पहिली पायरी म्हणजे मोजणी. गळक्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवून वेळ लावतात. ती २० मिनिटांत भरली तर दिवसाला ७२ आणि वर्षाला २६,२८० लिटर पाणी वाया जाते. विजेसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर आणि सोमवारी भरण्यापूर्वी मीटरचे आकडे टिपतात. फरक म्हणजे बंद शाळेचा खप. वॉटर कूलर, चालू राहिलेले संगणक आणि गळतीमुळे वारंवार सुरू होणारा पंप येथे सापडतात. डब्यांतले व पोषण आहारातले उरलेले अन्न आठवडाभर रोज वजन करून नोंदवतात. एकाच दिवसाचे वजन फसवे असते, कारण ते त्या दिवशीच्या पदार्थावर अवलंबून असते.

दुसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि घोळ तिथेच होतो. मोजणीवरून थेट भित्तिपत्रकांवर उडी मारली की उरते ती स्वच्छता मोहीम. पारखायचे म्हणजे विचारायचे : आपला कचरा कुठल्या डेपोत जातो, त्याशेजारी कोण राहते, कचरावेचकांना हातमोजे मिळतात का, टँकरचे पाणी कोणाच्या विहिरीतून येते? पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका (परि. ४९), याचा शाळेतला अर्थ हाच.

तिसऱ्या पायरीतील चुका ठरावीक आहेत. खतासाठी एक बादली ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या सुका पालापाचोळा लागतो. तो कमी पडला की ढीग ओला राहून कुजका वास येतो आणि शेजारची तक्रार येताच प्रकल्प बंद पडतो. महाराष्ट्रात ५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या, वृक्षारोपणाची रोपे पाऊस लांबला की वाळतात. त्यापेक्षा मे महिन्यात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावणी करणे बरे. खरी कसोटी पुढच्या एप्रिल-मेची : सुट्टीत पाणी कोण घालणार, हे लावणीपूर्वी नावानिशी ठरलेले नसेल तर खड्डेच घेऊ नयेत. शिवाय मुलांनी गळती शोधली आणि प्लंबरचा खर्च व्यवस्थापनाने अडवला, तर मुले एवढेच शिकतात की मोजण्याने काही होत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी छोटी का होईना, रक्कम आधीच बाजूला काढावी लागते.

महाराष्ट्रात अशा कामाचे धागे परिपत्रकापूर्वीचे आहेत. ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक आणि ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीद्वारे बेसुमार बांधकामांविरुद्ध लोकांना उभे केले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील स्विस जेझुइट (येशूसंघीय धर्मगुरू) हर्मन बाखर यांच्या कल्पनेतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या अटी गावाने आधी मान्य करायच्या, लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचे, मगच मोठा निधी, अशी त्याची रीत होती. कार्यक्रम धार्मिक नव्हता. तरी कृतीतून शिकण्याचा इतका काटेकोर नमुना शाळांच्या उपक्रमांत क्वचितच सापडतो.

वादाचे मुद्दे दोन. लोकसंख्यावाढीला मुख्य दोषी धरण्यास परिपत्रक नकार देते (परि. ५०), तर कार्बन क्रेडिटच्या (ठरावीक उत्सर्जनाची मुभा देणाऱ्या, विकत घेता येणाऱ्या परवान्यांच्या) व्यापारातून नवी सट्टेबाजी फोफावू शकते, असे बजावते (परि. १७१). पहिल्यावर लोकसंख्यातज्ज्ञांचा, दुसऱ्यावर अर्थतज्ज्ञांचा आक्षेप आहे. भारतातील कॅथलिक शाळांत बरेचसे विद्यार्थी अन्य धर्मांचे असल्याने प्रार्थना ऐच्छिक आणि मोजणी सर्वांना, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. परिपत्रकाची त्याला आडकाठी नाही. ते पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला उद्देशून आहे (परि. ३), आणि त्याच्या एका तळटीपेत अली अल-खवास या सूफी साधकाचे वचनही आहे.